कडू घोट



उसाच्या पट्ट्यात येऊन बिनसाखरेच्या चहावर बोलायचं म्हणजे धाडसच. त्यातून अध्यक्षमहाराज साखर कारखान्याचे माजी संचालक. (हशा) पण ‘ग्रीन टी आणि आरोग्य’ हा विषय तुमच्याच कार्यवाहांनी दिलाय. तेव्हा काय ते त्यांना बोला.

चहा चीनचा, इंग्रजांनी तो आपल्याकडे रुजवला, हे तुम्ही शाळेत वाचलंय, ते सोडतो. हिरवा चहा आणि आपला चहा एकाच झाडाचा, एवढं ध्यानात असू द्या. पान खुडलं की त्यातली एन्झाइमं कामाला लागतात आणि ते काळवंडतं. जपानात पानाला लगेच वाफ देतात, चीनमध्ये बहुधा कढईत परततात. ते काम तिथंच थांबतं. पान हिरवं राहतं आणि कॅटेचिन नावाची कडवट-तुरट द्रव्यंही त्यात टिकतात. आरोग्याची सगळी चर्चा मुख्यतः या द्रव्यांची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना लवकर चिडता येईल. ग्रीन टीचा आपल्याला जो फायदा होतो, तो पानामुळे थोडा आणि न घातलेल्या साखरेमुळे जास्त. हिशेब करा. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे. आठ चमचे म्हणजे बत्तीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाकाठी साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत राहिली तर उत्तम. आपण २५ ची रेघ नुसत्या चहातच ओलांडतो. शिरा आणि जिलबी अजून बाकीच आहेत. मागून कोणीतरी म्हणतंय, ‘आम्ही गुळाचा घेतो.’ अहो, गूळही साखरच! (हशा) आणि हे बघा, मी उसाच्या विरोधात नाही. उसाला भाव मिळालाच पाहिजे. तो माझ्या कपातून वसूल होऊ नये, इतकंच.

कडू चवीची आपल्याला धास्ती फार. पाडव्याला कडुनिंब चाखताना घरोघरी काय चेहरे होतात! जपानातही तेच होतं. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून परतला, येताना चहाचं बी घेऊन आला असं मानतात. १२११ मध्ये त्यानं चहावर पुस्तकच लिहिलं, ‘किस्सा योजोकी’. त्याचं शास्त्र असं की शरीरात पाच अवयव, प्रत्येकाची आवडती चव निराळी. यकृताला आंबट, फुप्फुसाला तिखट, प्लीहेला गोड, मूत्रपिंडाला खारट आणि हृदयाला कडू. आमची माणसं बाकी सगळं खातात, कडू तेवढं टाळतात, म्हणून त्यांचं हृदय दुबळं, हे त्याचं निदान. पुढे १२१४ साली शोगुन सानेतोमोला बरं वाटेना. आजार कसला, आदल्या रात्री जास्त झाली होती! (मोठा हशा) प्रार्थनेला बोलावलेल्या एइसाईनं आपल्या मठातून चहा मागवून त्याला पाजला आणि वर चहाचे गुण सांगणारं पुस्तकही हातात ठेवलं. डोकं ठणकत असलेल्या माणसाला ग्रंथ! लेखक कुठलाही असो, प्रत खपवायची संधी सोडत नाही. तरी शोगुन खूष झाला अशी नोंद आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. त्सुजिमुरा मिचियो या बाईंनी १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं, त्यांच्यावर मला बरंच बोलायचं होतं. राहिलं.

पान अगदीच कुचकामी नाही. जपानच्या ओसाकी भागात १९९४ पासून चाळीस हजारांवर लोकांची पाहणी झाली. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होणारे मृत्यू, एक कपही न पिणाऱ्यांच्या मानानं, पुरुषांत २२ आणि स्त्रियांत ३१ टक्के कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. आणि ही पाहणीच. पाच कप पिणारा माणूस खाण्यात, चालण्यातही वेगळा असू शकतो. वजनाचं विचाराल तर, चाचण्यांत उतरलेलं वजन इतकं किरकोळ होतं, की त्यासाठी डबा विकत घेऊ नये.

अर्काच्या गोळ्यांपासून तर लांबच राहा. त्यातलं ईजीसीजी नावाचं कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या घरात गेलं की यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये दिलाय. कपात ते साधारण पन्नास ते शंभर असतं.

अध्यक्षमहाराज घड्याळ दाखवताहेत, दोनच गोष्टी. भगिनींनो, जेवणाबरोबर हा चहा नको. पालेभाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. तासाभरानं घ्या. दुसरं, तो पातेल्यात खळखळ उकळू नका. उकळी आलेलं पाणी चार-पाच मिनिटं निवू द्या, मग पान टाका, दोन मिनिटांत गाळा. नाहीतर घशाला बसणारा तुरटपणा येतो आणि तुम्ही पुन्हा साखरेच्या डब्याकडे वळाल. आणि जाता जाता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. थांबतो.