आधी ऐकू द्या, मग वाचू द्या
(धुळे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



मे महिन्यातल्या धुळ्यात संध्याकाळी सातलाही खुर्ची तापलेली असते, तरी आपण जमलात. पुढच्या रांगांमध्ये शिक्षक मंडळी बरीच दिसताहेत, म्हणून जरा मोकळेपणानं बोलतो.

'हल्ली मुलं वाचत नाहीत' ही तक्रार मी करणार नाही. ती सगळेच करतात आणि बहुधा मोबाइल हातात धरून करतात. मला म्हणायचंय ते वेगळंच. आपल्या खानदेशात मोठमोठी पुस्तकं आधी कुणीतरी ऐकली आणि मग ती कागदावर आली. याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून ते उतरवून घेत होते, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत, कारण श्याम रोज रात्री सांगतो आणि आश्रमातले मित्र ऐकतात. आणि आसोद्याच्या बहिणाबाई! त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई गेल्या 1951च्या डिसेंबरात, पुस्तक आलं 1952मध्ये. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

आणि आपण पहिलीतल्या पोराच्या हातात पुस्तक देऊन म्हणतो, 'गुपचूप वाच.' ज्यानं अजून काही ऐकलेलंच नाही, तो गुपचूप वाचणार तरी काय?

गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत होते. त्या काळात ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक बरं का, वार्षिक अंक नव्हे! पुढे 1928मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. माझ्या मते या उद्योगाचा सगळ्यात मोठा लाभार्थी कुणी विद्यार्थी नव्हता, स्वतः गुरुजीच होते. ज्याला उद्या मुलांपुढे काहीतरी नवं ठेवायचंय, त्याला आज वाचल्यावाचून गत्यंतर नसतं. तुम्ही म्हणाल, गुरुजींना यू-डायस भरायचं नव्हतं, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा नव्हता, आधारची पडताळणी नव्हती. कबूल. हे ओझं खरं आहे आणि ते उतरलंच पाहिजे. पण ते उतरेपर्यंत मुलं सातवीत जातील, त्यामुळे मुलांना वाचून दाखवायला रोजची दहा मिनिटं कुठून तरी चोरावीच लागतात.

ही दहा मिनिटं कशी दिसतात ते सांगतो. साक्री तालुक्यातली एक शाळा, दुसरीचा वर्ग. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे पट होता तेवढी मुलं नव्हती, आणि एका मुलीनं धाकट्या भावाला कडेवर घेऊन आणलं होतं. बाई सतरंजीवर बसल्या. चित्रांचं पुस्तक छातीशी न धरता कुशीला धरलं, पानं मुलांकडे. बोट शब्दांखालून हळूहळू सरकत होतं. एका पानावर कुत्रा आला आणि मागून एक पोरगा ओरडला, 'बाई, हाऊ ते आमना मोत्या शे!' वर्गभर हशा. बाईंनी त्याला प्रमाण मराठीत दुरुस्त केलं नाही. म्हणाल्या, 'मोत्याच शे, आते देख तो काय करस.' आणि पान उलटलं. हे वाक्य अहिराणीत आलं म्हणून ते पोरगं पुस्तकाच्या आत राहिलं. तिकडे यावल-चोपड्याच्या सातपुड्यात पावरा बोलणाऱ्या मुलांपुढे अहिराणीदेखील परकी ठरते. तिथे शिक्षकानं आधी मुलांकडून चार शब्द शिकावेत आणि मग गोष्ट उघडावी.

गोष्ट संपल्यावर बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्याला राहवतच नाही हो! गोष्ट संपली रे संपली की 'सांगा पाहू, यातून काय बोध घेतला?' बोध घ्यायचा म्हटलं की मुलं पुढच्या गोष्टीला सावध बसतात. 2021 साली आलेल्या निपुण भारतमध्ये तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही, अडखळत वाचणाऱ्याला गोडी लागत नाही हे खरंच आहे. पण घड्याळ लावून वाचायचा वेळ निराळा असावा आणि सतरंजीवरचा वेळ निराळा.

आता अवघड भाग. शिक्षकानं स्वतः काय वाचलं? 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, 2015पासून आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. फोटोत प्रत्येक शिक्षकाच्या हातात पुस्तक असतं. त्यातलं एखादं उलटं धरलेलंही मी पाहिलंय. हसू नका, पुस्तक वाचायला सवड आणि सोबत दोन्ही लागतं. केंद्राची शिक्षण परिषद होते ना, तिची पहिली वीस मिनिटं केंद्रप्रमुखांनी परिपत्रकांना देऊ नयेत. कुणीतरी मोठ्यानं वाचावं, इतरांनी ऐकावं. माधुरी पुरंदरेंनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' त्यासाठी उत्तम. ते मुलांसाठी आहे, पण त्यातले वेचे मोठ्यांनाही धरून ठेवतात. पुढच्या परिषदेला दुसऱ्यानं वाचायचं. अहवाल नको, फोटो तर नकोच.

शेवटी कपाटाविषयी. आपल्या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथली जुनी दप्तरं कुलपात हवीत, कारण ती दुसरीकडे कुठेच नाहीत. शाळेतल्या पुस्तकांना मात्र तो न्याय लावू नका. समग्र शिक्षातून प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळतं, पुस्तकं येतात, साठा रजिस्टरला चढतात आणि कपाटात जातात. शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. पुस्तक फाटलं, हरवलं तर वसुली आपल्यावर येईल या धास्तीनं. खडू संपला म्हणून कधी कुणावर वसुली लागली आहे का? तसंच वाचून वाचून फाटलेलं पुस्तक 'वापरून संपलं' असं धरा. जिल्हा परिषदेचे कुणी अधिकारी इथे बसले असतील तर त्यांना माझी विनंती आहे: हरवलेल्या-फाटलेल्या बालपुस्तकांचं निर्लेखन मुख्याध्यापकांच्या सहीनं शाळेतच करता येईल, असं एक पत्र जूनमध्ये शाळा उघडायच्या आत धुळ्याला काढा, जळगावलाही काढा.