सावज बांधापलीकडे गेले तर

हैदराबादेहून विजयवाड्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे शहराची वस्ती संपण्यापूर्वीच वनस्थलीपुरमपाशी एका विस्तीर्ण उद्यानाचे कुंपण दिसू लागते. हे महावीर हरिण वनस्थली राष्ट्रीय उद्यान. निजामाच्या काळी ही शिकारीची राखीव जागा होती. भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९७५ साली तेथील काळविटांना अभय मिळाले आणि अहिंसेच्या उपदेशकाचे नाव त्या रानाला लाभले. आज कुंपणाच्या आत काळवीट चरतात आणि बाहेर मोटारी धावतात. ज्या काळी अशा रानांतून बंदुका वाजत, त्या काळी रानाची हद्द म्हणजे बहुधा एखादा ओढा, एखादी पाऊलवाट किंवा शेताचा बांध. गोळी लागलेल्या हरणाला यांपैकी कोणतीच हद्द ठाऊक नसते. ते जीव घेऊन धावत सुटते आणि परक्याच्या शिवारात जाऊन पडते. मग ते सावज कोणाचे? आणि त्याच्या मागे बांध ओलांडण्याचा अधिकार कोणाला?

जुन्या हैदराबाद संस्थानात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. दिवाणी मुलूख वेगळा, निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास वेगळा, पायगा घराण्यांची गावे वेगळी आणि लहानमोठ्या जहागिरी त्याहून वेगळ्या. १९४९ साली सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाला व जहागिरीही संपल्या. तोवर एखादे जखमी सांबर एका रात्रीत दोन धन्यांच्या मुलखांतून जाऊ शकत असे. आणि या सर्व धन्यांच्या खाली, प्रत्यक्ष जमीन कसणारी रयत होती. तिच्या उभ्या जोंधळ्यातून शिकारीचे घोडे गेले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न सावजाच्या मालकीहून कितीतरी अवघड होता.

आपल्या जुन्या ग्रंथांत या विषयाचे एक मोठे मार्मिक स्थळ आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, म्हणजे अपत्य कोणाचे, असा वाद चालला आहे. त्याच्या ओघात दोन दृष्टांत एका दमात दिलेले आढळतात. रानातले खुंट तोडून ज्याने जमीन लागवडीस आणली, शेत त्याचे. आणि ज्याचा बाण आधी रुतला, मृग त्याचा. आधीच विद्ध झालेल्या मृगावर दुसऱ्याने टाकलेला बाण वाया गेला, असेही तेथे म्हटले आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी चोख आहेत. पण एकाचा बाण लागलेला मृग दुसऱ्याने खुंट तोडलेल्या शेतात शिरला तर काय, हे स्मृतिकार सांगत नाही. त्याला मुलाचा वाद सोडवावयाचा होता. हरीण आणि शेत हे नुसते वानगीदाखल आले.

रोमन कायद्याने नेमकी ही फट पाहिली होती. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संहितेप्रमाणे जखमी जनावर प्रत्यक्ष हाती येईपर्यंत कोणाचेच नसते. ते परक्याच्या भूमीत धरले तरी धरणाराचे होते. मात्र भूमीच्या मालकाने आत येण्यास मनाई केली तर ती मानली पाहिजे. इंग्लंडात १८६५ साली ब्लेड्स विरुद्ध हिग्ज या खटल्यात उमरावांच्या सभेने ठरविले की, परक्याच्या जमिनीत शिरून मारलेले ससे त्या जमिनीच्या मालकाचे. जमीनदारांनीच भरलेल्या सभेने असा निवाडा द्यावा, यात नवल ते काय! जर्मनीत शेजारशेजारच्या शिकारक्षेत्रांचे धारक जखमी जनावराच्या पाठलागाविषयी आधीच आपसांत करार करून ठेवतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मनाईची पाटी नसलेल्या शेतजमिनीत पायी शिरून जखमी सावज घ्यावे व तत्काळ बाहेर पडावे, एवढीच मुभा कायदा देतो.

परंतु शिकाऱ्यांच्या रीतीत मालकीहून मोठे एक कर्तव्य मानलेले आहे. ज्याने जखम केली त्याने ते जनावर तसेच तडफडत सोडता कामा नये. रक्ताचा माग काढणारे जुने शिकारी पानावरचा थेंब पाहून जखम कोठे झाली ते सांगत. फेसाळ तांबडे रक्त असेल तर गोळी फुप्फुसात, आणि जनावर फार दूर जाणार नाही. काळपट रक्त असेल तर घाई करावयाची नाही. त्याला बसू द्यावयाचे, नाहीतर ते उठून आणखी कोसभर पळते. वाघ जखमी झाला तर गोष्ट निराळीच. तो शेजारच्या गावाच्या वाटेवर दबून बसला आणि पहाटे कोणी सरपणाला गेले, तर त्या मृत्यूचा धनी तो शिकारी. म्हणूनच जखमी वाघाला झुडुपांतून उठविण्यासाठी म्हशींचा कळप पुढे घालून, जिवावर उदार होऊन लोक मागावर जात. वाघाच्या कातड्याचा मान मात्र ज्याच्या गोळीने पहिले रक्त काढले त्याचा. अखेरची गोळी कोणाचीही असो. मनूचाच दंडक बंदुकीच्या काळात निराळ्या वेषाने वावरत होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

मुसलमान शिकाऱ्यांच्या बाबतीत पाठलागाला आणखी एक निकड होती. सावजात धुगधुगी असतानाच सुरी फिरली तर मांस हलाल. म्हणून सावज पडताच सुरी घेऊन धावणारा माणूस हैदराबादी शिकारीत असावयाचाच. अशा धावण्यात बांध कोणाचा हे पाहण्याला सवड कोठून असणार? सहावे निजाम महबूब अली खान यांच्या शिकारीच्या छावण्यांची आणि पाहुण्यांची राजा दीनदयाळ यांनी काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. लॉर्ड कर्झन १९०२ साली आले तेव्हाच्या वाघाचेही आहे. त्यांत वाघ दिसतो, बंदुका दिसतात, पाहुण्यांचा रुबाब दिसतो. पाठलागात कोणाचे शेत तुडविले गेले, ते छायाचित्रात येत नाही.

आणि येथेच परीक्षिताची आठवण होते. महाभारताच्या आदिपर्वातील ही कथा सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. पण ती शापाची आणि तक्षकाची कथा म्हणून. तिचा आरंभ एका जखमी मृगापासून होतो, इकडे कमी लक्ष जाते. परीक्षिताच्या बाणाने विद्ध झालेला मृग आजवर जिवंत निसटला नव्हता. त्या दिवशी एक निसटला. साठीचा राजा भुकेने आणि तहानेने व्याकुळ होऊन त्याच्या मागे रानभर हिंडला आणि शमीक ऋषीच्या गोठ्यापाशी पोचला. दूध पिणाऱ्या वासरांच्या तोंडचा फेस खाऊन राहणारा तो वृद्ध तपस्वी मौन धरून बसलेला. राजाने आपले नाव सांगितले, कुळ सांगितले आणि विचारले, आपण विद्ध केलेला मृग दिसला काय? उत्तर आले नाही. तेव्हा धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून राजाने त्याच्या खांद्यावर टाकला.

परीक्षिताचा अपराध कोणता? जखमी मृगाच्या मागे जाणे हा नव्हे. ते तर मृगयेच्या धर्माला धरूनच होते. परक्याच्या जागेत पाऊल टाकणे, हाही नव्हे. अपराध झाला तो तेथे उभे राहिल्यावर. आपल्या बाणाचा अधिकार त्याने शेजाऱ्याच्या मौनावरही चालविला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ४४१ वे कलम या ठिकाणी सहज आठवते. परक्याच्या जागेत नुसते शिरल्याने फौजदारी गुन्हा होत नसे. गुन्हा करण्याच्या अगर धमकावण्या-अपमानण्याच्या हेतूने शिरले, किंवा रीतसर शिरून अशा हेतूने तेथे राहिले, तर होत असे. व्यास आणि विलायती कायदेपंडित यांची इतकी एकवाक्यता क्वचितच सापडेल! शमीकाचा मोठेपणा असा की, शाप देणाऱ्या आपल्या मुलालाच त्याने दोष दिला आणि शिष्य पाठवून राजाला सावध केले. ऋषी मौनव्रती होता हे कळल्यावर परीक्षिताला मरणाच्या भयापेक्षा आपल्या कृत्याचीच खंत अधिक लागली, असे महाभारतकार सांगतात.

याच्या शेजारी कालिदासाचा दुष्यंत ठेवून पाहावा. तोही हरणामागेच धावत आला. हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नकोस, असे तपस्वी म्हणतात आणि तो चढविलेला बाण उतरवितो. आत जाताना रथ बाहेर ठेवतो, धनुष्य आणि अलंकार सारथ्याच्या हाती देतो. तपोवनात विनीत वेषाने जावे, एवढेच त्याचे कारण. दोघेही पुरुकुळातलेच राजे.

आता शिकारीचे दिवस सरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी परवान्याने शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. तरीही बांधाचा प्रश्न उरलाच आहे, आणि तो आता नवाबाच्या छावणीत नसून शेतकऱ्याच्या खळ्यात आहे. तेलंगणात, मराठवाड्यात, विदर्भात रानडुकरांचे कळप एका रात्रीत मक्याचे नाहीतर भुईमुगाचे रान उकरून टाकतात. कायद्याच्या अकराव्या कलमाखाली, पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतो. पण ती ठरवून दिलेल्या क्षेत्रापुरती. मारलेले जनावर एकोणचाळिसाव्या कलमान्वये सरकारची मालमत्ता. म्हणजे बाण कोणाचा आणि शेत कोणाचे हा मनूपासूनचा तंटा कायद्याने एका ओळीत मिटविला आहे. दोघांचेही नाही, सरकारचे.

मिटला नाही तो जखमेचा प्रश्न. मध्यरात्री बार होतो, डुक्कर कोलमडते, पुन्हा उठते आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उभ्या तुरीत शिरते. परवानगीचा कागद बांधाशी संपलेला असतो. शेजाऱ्याशी याच बांधावरून दोन पिढ्यांचे भांडण असेल, तर त्याच्या दारात रात्री जाण्यास पाय उचलत नाही. सकाळी पाहू, असे म्हणून बंदूकवाला घरी जाऊन निजतो. आणि सकाळी त्या तुरीत निंदणीला बाया उतरणार असतात. जखमी रानडुकराचा सुळा मांडी फाडतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको.

अशा वेळी बंदूक आपल्या बांधावर ठेवून, कंदील घेऊन शेजाऱ्याचे दार वाजवावे लागते. पाव्हणं, जनावर तुमच्या तुरीत गेलंय, घायाळ आहे, सकाळी बायांना पाठवू नका, एवढे तरी बोलावे लागते. वनरक्षकाला रात्रीच वर्दी द्यावी लागते. आत जावयाचे ते शेजाऱ्याच्या संमतीने, वनरक्षकाच्या देखत आणि शक्यतो शेजाऱ्यालाच बरोबर घेऊन. कारण त्या तुरीतल्या वाटा त्यालाच ठाऊक असतात.