दारची कुंडी

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकावयास लहान आहे. रस्ते, बंधारे, पाणीपुरवठा यांविषयी बोलण्याची आपणांस सवय. त्या मानाने दारातील कुंडी हा फावल्या वेळचा छंद वाटतो. शहरात तो बहुधा छंदच असतो. परंतु आपल्या या दोन तालुक्यांत कुंडीचा संबंध ताटाशी आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या भागाला कुंडी नवीन नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. त्या चिकूचे भेटकलम बांधण्याची रीत पाहा. खिरणीचे, म्हणजे इकडे जिला रायण म्हणतात तिचे, रोप कुंडीत वाढवावयाचे. ती कुंडी चिकूच्या फांदीजवळ नेऊन दोघांच्या साली तासावयाच्या व घट्ट बांधावयाच्या. आणि सांधा जुळला की कलम मूळ झाडापासून तोडावयाचे. एवढ्या मोठ्या वाड्यांचे बालपण असे कुंडीत गेले आहे.

किनारा सोडून तलासरीकडे गेलात, तर पाड्यावर कुडाच्या घराशेजारी दुधीचा वेल छपरावर चढलेला दिसतो. कोवळे फळ भाजीला, जून फळ वाळवून पाणी ठेवावयास; आणि वारली समाजाचे आवडते वाद्य जो तारपा, त्याचा फुगीर भागही वाळलेल्या भोपळ्याचाच. तेव्हा घराभोवती काही लावावे हे या लोकांना आपण शिकविण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो पावसाळा संपल्यानंतरचा.

चार महिने येथे पाऊस धो-धो कोसळतो. टाकळा, कुरडू, शेवळी अशा रानभाज्या त्या दिवसांत उपलब्ध असतात. पुढे विहिरी खोल जातात आणि होळीनंतर हिरवे पान ताटातून नाहीसे होते. बाजारची जुडी रोजंदारीत परवडत नाही. त्याच काळात गरोदर माता व लहान मुले यांना हिरव्या पाल्याची सर्वांत अधिक गरज असते. रक्तक्षयाविरुद्ध गोळ्या हव्यातच, पण रोजचे जेवणही हवे. शिवाय अनेक कुटुंबे वीटभट्टीवर अथवा गुजरातेतील कारखान्यांकडे कामाला जातात. वाफा बरोबर नेता येत नाही. कुंडी मात्र शेजारणीच्या ओट्यावर ठेवून जाता येते. जमिनीचा प्रश्न कुंडीने सुटत नाही, हे मी जाणतो; पण ज्याला जमीन नाही त्यालाही अंगण असते.

अंगणाचे हे मोल या भूमीने पूर्वीच ओळखले आहे. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असा विचार करून त्यांनी अंगणवाडी उभी केली. भाजीपाल्याबाबतही हेच सूत्र धरावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मातीची कुंडीच हवी असे नाही. फुटका माठ, जुनी बादली, खताची धुतलेली गोणी, तेलाचा डबा चालतो. तळाशी दोन-तीन छिद्रे पाडून त्यांवर खापरीचा तुकडा ठेवावा. माझी स्वतःची पहिली चार रोपे पाण्यावाचून नव्हे, तर छिद्र नसलेल्या डब्यात पाणी साचून मेली. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू अथवा भाताचे तूस, असे मिश्रण पुरते. मेथी, माठ, पालक यांना वीतभर खोली बस होते व महिन्याभरात पहिली खुडणी मिळते. मिरची, वांगे, टोमॅटो यांना फूटभर माती हवी. कढीपत्ता व लिंबू यांना त्याहून मोठे पिंप. तुळस, गवती चहा आणि पानओवा ही तर घरची औषधपेटी. एखादी मोगऱ्याची कुंडीही असू द्यावी. पोट भरल्यावर मनालाही काही लागते.

पाण्याविषयी एक नियम कटाक्षाने पाळावा. ज्या कुंडीसाठी बाईला डोक्यावरून एक हंडा अधिक आणावा लागेल, ती कुंडी नको. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी संध्याकाळी घालावे; साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. वर वाळलेल्या पानांचा थर दिला की ओल टिकते.

तीन सावधगिरीच्या सूचना. पहिली : वाड्यांतील कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि कारखान्यांतील रसायनांची पिंपे कितीही धुतली तरी भाजीसाठी वापरू नयेत. दुसरी : कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले की डासांची पैदास होते, म्हणून आठवड्यातून एकदा ती कोरडी करावी. तिसरी आपल्या भागापुरती : नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व आसपासच्या गावांनी भूकंपाचे धक्के वारंवार अनुभवले आहेत. तेव्हा कठड्यावर, खिडकीच्या फळीवर अथवा मुलांच्या डोक्यावर टांगलेली जड कुंडी असू नये. कुंडी जमिनीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी.

शेवटी आपल्या कामाविषयी. शिक्षकांनी एका मुलाकडे एक कुंडी द्यावी आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती त्याच्या घरी जाऊ द्यावी. शाळेत ठेवली तर ती सुकणारच. अंगणवाडीच्या दारातील मूठभर पाला खिचडीत पडावा. पंचायतीने रोपे वाटण्यापेक्षा बी व शेणखत वेळेवर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, मिळेल असे पाहावे. कोसबाडला कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथील सल्ला घ्यावा.

आणि एक विनंती आम्हा अधिकाऱ्यांनाही आहे. पाहुणे येणार म्हणून गेरूने रंगविलेल्या कुंड्यांची रांग मांडावयाची, छायाचित्र काढावयाचे आणि पुढच्या महिन्यात त्यांत काडीही उरू नये, असे प्रकार मी आपल्या नोकरीत पाहिले आहेत, त्यांची वृत्तेही लिहिली आहेत. यापुढे आपण कुंड्या मोजू नयेत. वैशाखात एखाद्या पाड्यावर जावे, कोणाच्या तरी घरी जेवणाच्या वेळी डोकवावे आणि ताटात हिरवे काही आहे का, एवढेच पाहावे. ते दिसले तर आजचे हे भाषण कामी आले असे मी समजेन.