तिन्हीसांजेला गाडीचा फोटो



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. कमी उजेडात गाडीचा फोटो कसा काढायचा! हे तर पोरांचं काम. नवी मोटारसायकल घ्यायची, खाडीच्या पुलाजवळ लावायची आणि अंधार पडता पडता फोटो काढून स्टेटसला ठेवायचे. हौस म्हणून ते चांगलंच आहे. पण वडखळसारख्या ठिकाणी राहणाऱ्या बाईला ही कला हौसेपेक्षा जास्त कामाची आहे. कशी, ते सांगते.

आपलं वडखळ म्हणजे फाटा. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ नंबरचा आणि आताचा ६६ नंबरचा, इथून नागोठण्याकडे जातो आणि दुसरा रस्ता अलिबागला वळतो. डोलवीच्या कारखान्याचे ट्रेलर, अलिबागला निघालेले पर्यटक, एसटी, रिक्षा, सगळं इथूनच जातं. आणि याच रस्त्याच्या कडेला आपल्या बायका पापड, पोहे, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसतात. धंद्याची वेळ कोणती? दिवेलागणीची. गाडीवाल्याला नीट दिसत नाही, तीही वेळ तीच.

आता समजा, एखाद्या गाडीने कुणाला धक्का दिला आणि ती निघून गेली. अशा वेळी गाडीचा नंबर मिळणं आणि न मिळणं यात फार मोठा फरक आहे. गाडी सापडली, तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते. जखमी माणसाचं वय, कमाई, दवाखान्याचा खर्च बघून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण रक्कम ठरवतं. गाडी सापडलीच नाही, तर सरकारची ठरावीक मदत मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये आहे. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज करायचा असतो. ही मदतही मागायचीच, पण घरचा कमावता हात गेला तर २ लाख किती दिवस पुरणार? म्हणून नंबर महत्त्वाचा.

अंधारात फोटो का बिघडतो, ते आधी समजून घेऊ. कॅमेऱ्याला उजेड लागतो. उजेड कमी असला की तो आपली पापणी जास्त वेळ उघडी ठेवतो. तेवढ्या वेळात आपला हात हलला की फोटो हलतो. गाडी हलली तरी तेच. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. कॅमेऱ्याची पापणी सेकंदाचा दहावा भाग जरी उघडी राहिली, तरी तेवढ्यात गाडी पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते. मग नंबराच्या जागी नुसती पांढरी रेघ उमटते. फोन महागाचा असला तरी हा हिशेब फारसा चुकत नाही.

म्हणून पळत्या गाडीसाठी पहिली युक्ती फोटोची नाहीच. व्हिडिओ सुरू करायचा आणि नंबर मोठ्याने वाचायचा. ‘एमएच झिरो सिक्स’ म्हणजे आपला पेणचा, पुढची अक्षरं, पुढचे आकडे, गाडीचा रंग, कुठल्या दिशेला गेली, सगळं बोलायचं. चित्र पुसट आलं तरी आवाज राहतो. पूर्ण नंबर दिसला नाही, तर दिसले तेवढेच आकडे बोला. अंदाजाने एकही आकडा जोडू नका, नाहीतर भलत्याच माणसाच्या दारात पोलीस जातील.

फोन धरताना दोन्ही कोपरं छातीशी घट्ट ठेवा. गाडी जाते तशी कमरेतून सावकाश वळा, जात्याच्या खुंट्याबरोबर अंग फिरतं तसं. फोन गाडीबरोबर फिरला की मागचं झाड पुसट होतं, पण गाडी त्यातल्या त्यात स्पष्ट येते. हौशी पोरं गाड्यांचे फोटो याच रीतीने काढतात.

समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर असतील, तर नंबर काळाच येणार. गाडी पुढे जाऊ द्या आणि मागून टिपा. मागच्या पाटीवर पांढरा दिवा असावा असा नियमच आहे. ट्रक-टेम्पोच्या दोन्ही अंगांवरही नंबर लिहिलेला असतो, तोही बघा.

गाडी उभी असेल तर काम सोपं. आधी पदराने फोनची काच पुसा. निम्मे फोटो पिठाच्या आणि तेलाच्या बोटांनी बिघडतात. मग फोन खांबाला किंवा भिंतीला टेकवा. पडद्यावर पाटीच्या जागी बोट लावा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं खाली ओढा. पाटी भगभगीत दिसत असेल तर आकडे उघडे होतील. बोटांनी ओढून चित्र मोठं करू नका, धोका नसेल तर दोन पावलं पुढे जा. फ्लॅश शक्यतो बंद ठेवा. नंबर पाटी उजेड उलटा फेकते, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की पाटी कोरी पांढरी येते. उजेड हवाच असेल तर दुसरीने तिच्या फोनची बॅटरी बाजूने तिरपी धरावी. गाडीवरचा पोचा आणि ओरखडासुद्धा तिरप्या उजेडातच दिसतो, कारण त्याची सावली पडते. बचत गटाचा टेम्पो भाड्याने देताना आणि परत घेताना असे चार बाजूंचे फोटो काढून ठेवले, तर नंतरची वादावादी टळते.

काढलेला मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली वेळ, जागा निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ आपल्या फोनमध्ये राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी माणूस, मग फोटो. जखमीसाठी १०८ ला आणि पोलिसांसाठी ११२ ला फोन करा. रस्त्याच्या मधे उभं राहू नका. जखमी बाईमाणसाचा फोटो काढून गटागटांत फिरवू नका, कॅमेरा गाडीपुरताच. आणि ‘मदत केली तर आपल्यालाच कोर्टात खेटे’ ही भीती काढून टाका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. साक्ष द्यायची तर ती आपल्या राजीखुशीने.

हे सगळं ऐन वेळी आठवणार नाही, हात बसायला हवा. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीनंतर पाच मिनिटं थांबा. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळं असतं आणि घरातले दिवेही लागलेले असतात. गटाचा टेम्पो किंवा कुणाच्या मुलाची मोटारसायकल अंगणात उभी करा आणि प्रत्येकीने फोटो काढा. मग तीच गाडी सावकाश पुढून न्या आणि नंबर बोलत व्हिडिओ घ्या. ज्या सासूबाईंनी फोन कधी हातात धरला नाही, त्यांच्याही हातात द्या. बघा, दोन-तीन फोटो इतके देखणे येतील की पोरंच विचारतील, आई, हा कोणी काढला?

येते तर मग. रस्त्याच्या कडेला बसताना आत सरकून बसा, आणि फोन चार्ज ठेवा. नमस्कार.