शून्याची जागा



आम्ही अकोल्याचे. युनियनची वर्गणी मोजता मोजता जेवढे गणित आले, तेवढेच आमचे. तरीही आज संख्या उलटी करण्याविषयी दोन शब्द बोलणार आहोत. संगणक शिकणाऱ्या मुलांना हा धडा अगदी सुरुवातीला देतात. रीत सोपी आहे. संख्येला दहाने भागावे. बाकी उरते तो शेवटचा अंक. उलट संख्या शून्यापासून सुरू करावी. दर खेपेस तिला दहाने गुणून ती बाकी मिळवावी. भागाकार शून्य होईपर्यंत हेच करावे. ३५२ घेतले तर प्रथम २, मग २५, मग २५३.

आम्ही शिकवणाऱ्या मुलाला विचारले, "बाबा, १२० चे काय?" उत्तर आले २१. ते पुन्हा उलटे केले, तर १२! शून्य गेले कुठे? यंत्राने लबाडी केली नव्हती. ०२१ आणि २१ यांची किंमत एकच. यंत्राने किंमत राखली, जागा सोडली.

हे आम्ही पूर्वी सोसले आहे. एका गिरणीत बदली कामगारांचे बिल्ले शून्याने सुरू होत. पगारपत्रक संगणकावर चढले, तेव्हा ०४१७ चा ४१७ झाला. तो बिल्ला एका कायम कामगाराचा! बदलीवाल्याची हजेरी त्याच्या नावावर गेली आणि याची दिवाळी कोरडी गेली.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक गंमत जगापुढे ठेवली. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडा, त्यातून तेच उलटे करून वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात खेपांत ६१७४ येते आणि तेथेच राहते.

आता २१११ घ्या. त्यातून १११२ गेले, उरले ९९९. तीनच अंक धरले तर ९९९ मधून ९९९ जाऊन हाती भोपळा! पण ०९९९ लिहा. मग ८९९१, ८०८२, ८५३२ आणि पाचव्या खेपेस ६१७४.

तेव्हा मुलांना धडा जरूर शिकवा. पण आधी एवढे विचारायला लावा, की हा आकडा रक्कम आहे की कोणाची ओळख? ओळख असेल तर तो नावासारखा, अक्षरशः जसाच्या तसा ठेवावा. ते यंत्राला आपणच सांगावे लागते.