जन्माबरोबर आलेला शिक्का



अमेरिकेत कृष्णवर्णी तरुणास रस्त्यात अडवून पोलीस त्याची झडती घेतात, ही हकीगत आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो आणि हळहळतो. न्यूयॉर्क शहरात २०११ या एकाच वर्षी पोलिसांनी लोकांना असे रस्त्यात अडविण्याचे सुमारे ६ लाख ८५ हजार प्रसंग घडले, आणि दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही. २०१३ साली तेथील न्यायालयाने ही वहिवाट घटनाविरोधी ठरविली. त्याही पूर्वी, १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत त्याच देशाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत कोंडले होते. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. परंतु ‘शत्रूच्या वंशाचे’ एवढा शिक्का पुरेसा झाला. हे वाचून आपण समाधानाने म्हणतो, “आपल्याकडे निदान असे नाही.” आज मला या वाक्याचीच थोडी तपासणी करावयाची आहे, आणि तिच्यासाठी यवतमाळ जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

आपल्या वऱ्हाडात गावाबाहेर, बहुधा माळरानाच्या कडेला, पारध्यांचा बेडा असतो. फासे लावून तितर, लावे, हरिण धरणारे म्हणून हे फासेपारधी. पिकांत जनावरे शिरू लागली की त्यांना बोलावणे धाडणारा शेतकरीही एके काळी होता. पुढे जंगलाचे कायदे आले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि पिढीजात धंदा हाच गुन्हा झाला. तथापि गुन्हेगारीचा शिक्का त्याहून फार जुना आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार; तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार, असे त्यामागील तर्कशास्त्र. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याची शहानिशा करण्याचा अधिकार न्यायालयासही नव्हता. नावे नोंदली जात, हालचालींवर बंधने येत. सोलापुरास तर काटेरी तारांच्या आड वसाहत होती. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही सोय केली, आणि १९११ साली या कायद्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरली. ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी माणसांनी हजर होऊन आपण पळालो नाही हे सिद्ध करावयाचे, यास ‘हजेरी’ म्हणत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणजे स्वातंत्र्याचा दिवा आपल्या घरी लागल्यानंतरही पाच वर्षे या लोकांच्या दारी अंधारच होता. त्या दिवसापासून ते ‘विमुक्त’ म्हणविले जाऊ लागले.

कागदावरील हजेरी संपली. मनातील संपली काय? याचे उत्तर मला माझ्याच वर्गात मिळाले, आणि ते सांगताना मला आजही संकोच वाटतो.

मी एका खेड्यातील शाळेत होतो. वर्गात बेड्यावरचा एक मुलगा येत असे. अक्षर टपोरे, गणित बरे. एके दिवशी सहलीसाठी जमा केलेले पैसे टेबलावरून नाहीसे झाले. मी वर्गास विचारले, “पैसे कोणी पाहिले का?” माझा आवाज साधाच होता. परंतु प्रश्न संपताच तो मुलगा आपल्या जागी उभा राहिला, त्याने दप्तर उलटे करून जमिनीवर रिकामे केले आणि खिशांची अस्तरे बाहेर काढून दाखविली. कोणी त्याचे नाव घेतले नव्हते. नऊ-दहा वर्षांच्या त्या पोराला ठाऊक होते की सर्वांची नजर आता कोठे वळणार. आणि माझी नजर तिकडे वळलीच होती, हे मी कोणापाशी नाकारू?

पैसे संध्याकाळी माझ्याच हजेरीपटाच्या वेष्टनात सापडले. मीच ते तेथे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गासमोर मी आपली चूक कबूल केली. परंतु जो ऐकावयास हवा होता तो त्या दिवशी आला नाही, आणि पुढेही आला नाही. मी बेड्यावर गेलो तेव्हा पाल उठलेले होते. त्याच्या नावापुढे महिनाअखेरपर्यंत मी गैरहजेरीची खूण करीत राहिलो. वास्तविक गैरहजर मी होतो.

कोणी म्हणेल, “पण गुरुजी, त्यांच्यांत चोऱ्या करणारे असतातच ना?” असतात. आपल्यांतही असतात. मी व्याकरण शिकविणारा माणूस. म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या नात्यागोत्यातील कारकुनाने अफरातफर केली तर आपण म्हणतो, “तो माणूस लबाड निघाला.” पारध्याने कोंबडी उचलली तर म्हणतो, “ते लोक तसेच.” आपल्या दोषास एकवचन आणि त्यांच्या दोषास अनेकवचन! अमेरिकेतील वर्णभेदाचे आणि आपल्या जातिभेदाचे व्याकरण येथे एकच आहे.

उलट त्यांच्या गुणास मात्र आपण एकवचनच ठेवतो. राज्याच्या यादीत बंजारा ही विमुक्त जात आहे, आणि पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक त्याच समाजाचे. १९६३ ते १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आपण त्यांचा अभिमान बाळगतो. परंतु त्यांच्यावरून साऱ्या तांड्याविषयी चांगला ग्रह करून घेत नाही.

हा प्रश्न सरकारदरबारीही मिटलेला नाही. जुना कायदा जाऊन ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. आपल्याकडील १९५९ चा. त्यात जमात नव्हे, व्यक्तीची शिक्षा पाहावयाची. पण व्यवहारात संशयाची वाट जुन्याच वस्तीकडे जाते. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ साली हे कायदे रद्द करण्याची शिफारस भारतास केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द ठरविले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असे पोलिसांस बजावले.

न्यायालय पोलिसांस बजावू शकते; आपल्या डोळ्यांस कोण बजावणार? अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे एका फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून बेड्यावरच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. ते चिन्ह त्या मुलांपुढे नाही, श्रोतेहो. ते आपल्यापुढे आहे. उद्या घरातील एखादी वस्तू हरवेल, तेव्हा आपली नजर प्रथम कोणाकडे वळते, एवढेच प्रत्येकाने पाहावे, आणि आपल्या मुलांसमोर तोंडातून अनेकवचन निघण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मला तो क्षण साधला नाही. आपणांस साधावा, एवढीच इच्छा.