अकरावीचा अर्ज आणि गणित



गेल्या जूनमधली गोष्ट. एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी शास्त्र शाखेतून बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. नौदलात अधिकारी व्हायचं, हा तिचा ध्यास. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, ती बातमी तिनं कापून जपून ठेवली होती. मी गुणपत्रिका पाहिली. तीत गणितच नव्हतं. अकरावीला तिनं त्या जागी दुसरा, सोपा म्हणून विषय घेतला होता.

"गणित सोडायला कुणी सांगितलं?" मी विचारलं. वडील म्हणाले, "सगळेच म्हणाले सर, गणितानं टक्के खाली येतात. नाहीतर दहावीला हिला ऐंशीच्या वर मार्क होते की!"

नौदल आणि हवाई दल या शाखांना बारावीला गणित लागतंच. भूदलाला कोणत्याही शाखेची बारावी चालते. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे, ते कुणालाच चुकत नाहीत. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला हे दोन वर्षांपूर्वी कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हा शिक्षक मंडळींनी सांगायला हवं होतं. म्हणून आजचं हे बोलणं.

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: कोणती शाखा घ्यायची? शाखेवर चार दिवस चर्चा होते. विषय मात्र अर्ज भरणाऱ्याच्या खिडकीपाशी, मित्रानं घेतला म्हणून ठरतात. वास्तविक पेरणी करताना आपण आधी पीक ठरवतो, मग बियाणं आणतो. इथंही तसंच करावं. तीन वर्षांनी मुलाला कुठं पोहोचायचं आहे, ते आधी विचारा. त्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट वाचा. आणि मग मागं येत अकरावीचे विषय ठरवा.

अभियांत्रिकीचंच पाहा. आपल्या राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. भौतिक आणि रसायन मिळून १०० गुण, आणि एकट्या गणिताचे १००! त्यातले सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीवरचे. तेव्हा 'अकरावीचं वर्ष विश्रांतीचं' ही समजूत महागात पडते. आर्किटेक्ट व्हायचं तरी गणित हवं.

वाणिज्य शाखेत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. पुष्कळ मुलं गणित सोडून सुटकेचा श्वास टाकतात. पुढं सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राचा शंभर गुणांचा पेपर दारात उभा असतो. कलाशाखेतल्या मुलांनाही हे लागू आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स वर्गाला जायचं तर प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो.

मग गणित सगळ्यांनीच घ्यावं का? नाही. डॉक्टर व्हायचं नक्की असेल, तर जीवशास्त्र पुरे. औषधनिर्माणशास्त्राला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्ही चालतात. कायदा, भाषा, इतिहास यांकडे ओढा असेल, तर केवळ शेजाऱ्याच्या मुलानं घेतलं म्हणून गणित घेऊन काठावर पास होण्यात शहाणपण नाही. पण ज्याचं अजून ठरलेलं नाही, आणि ज्याला दहावीचं गणित बरं जमलं आहे, त्यानं ते सोडू नये. घेतलेलं गणित पुढं सोडता येतं. सोडलेलं परत धरायला वर्ष मोडावं लागतं. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेऊन दोन वर्षं विचाराला सवड ठेवणारेही विद्यार्थी असतात. त्यांना कष्ट जास्त पडतात, पण दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. अकरावीत मुलं अडखळतात ती बहुधा नव्या भागात नव्हे, तर जुन्या कच्च्या भागात. अवयव पाडणं, वर्गसमीकरणं, अपूर्णांकांची उलाढाल आणि त्रिकोणमितीतली गुणोत्तरं, एवढं पक्कं असलं की पुढचं विकलन, संकलन परकं वाटत नाही. निकालानंतरच्या सुटीत रोज एक तास हीच उजळणी करून घ्या. बालभारतीची पुस्तकं फोनवर फुकट उतरवून घेता येतात. त्यासाठी तालुक्याला शिकवणी लावायलाच हवी असं नाही. आणि "मुलीला काय करायचंय गणित?" हे वाक्य कानावर आलं, तर तिथल्या तिथं खोडून काढा.

ती मुलगी आता गणिताचा अभ्यास करते आहे. दर रविवारी वही घेऊन येते. तिचं एक वर्ष गेलं. तुमच्या घरातलं जाऊ नये, म्हणून अर्जावर सही करण्याआधी एक संध्याकाळ मुलाजवळ बसा, आणि विषयांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारा, "हा का घेतलास? आणि हा का सोडलास?"